मालकाला टिप देत नाहीत

प्रिय इग्नात्स,

'प्रिय' लिहिताना दात खाल्ले, पण पत्राची रीत मोडायला मी काही तू नव्हे. परवा तुझ्या सासऱ्यांच्या कॉफीहाऊसमध्ये आले होते, ते काही सहज नव्हे बरं का. इतकी वर्षं झुरिचच्या हॉटेलांत ताटं उचलताना एकच गोष्ट घोकत होते, की एकदा व्हिएन्नाला जायचं आणि चारचौघांत तुझं नाक कापायचं.

याच नेमेत्सबाबांकडे आपण दोघं वेटर होतो, आठवतंय ना? सुट्टीच्या दिवशी कालव्याकाठी बसून तू मनोरे रचायचास. आपलं स्वतःचं कॉफीहाऊस, गल्ल्यावर मी, दारात तू. म्हणायचास, "हेर्मिने, एकदा मालक झालो ना, की कुणी टिप पुढे केली तर नुसती मान हलवायची. मालकाला टिप देत नाहीत!" तेवढ्यासाठी तुला मालक व्हायचं होतं, मेल्या. मला वेडीला वाटलं, माझ्यासाठी. मग एका सकाळी पेले पुसता पुसता सांगून मोकळा झालास, "ओटिलीचं आणि माझं जमलंय. तू समजूतदार आहेस." मालकाची एकुलती एक लेक ती! आणि मी समजूतदार, म्हणजे मला रडायचीही सोय नाही. त्याच आठवड्यात मी गाव सोडलं.

परवा मला बघून तुझ्या अंगात काय संचारलं होतं! काळा कोट, हातात अंगठी, आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असा आवाज. "या या, झुरिचच्या बाई! तिकडे टिप द्यायची पद्धत नाही म्हणे. आमच्या द्रागानला उपाशी ठेवू नका हं!" लोक हसले. मीही हसले. कॉफी द्रागानने आणली, सफरचंदाचं गोड श्ट्रूडल त्याने आणलं, सांडलेलं पाणी त्याने पुसलं. पण बिलाची वेळ आली तशी तू त्याला कोपराने बाजूला सारून स्वतः पुढे आलास, मला मिरवून दाखवायला. मी नोट पुढे केली आणि तुझ्याइतक्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "बाकीचे ठेवा, वेटरसाहेब!"

देवाशपथ सांगते, मला वाटलं होतं तू लालबुंद होशील, नोट परत करशील, फार तर मला हाकलून देशील. पण तुझी सवय, इग्नात्स! कंबरेत वाकलास, "आपली कृपा, बाईसाहेब," म्हणालास आणि नोट सरळ तुझ्या स्वतःच्या खिशात गेली. तुला कळलंसुद्धा नाही, तू पुढच्या टेबलाकडे वळलास. द्रागान हातातला ट्रे धरून तसाच उभा. केकच्या काचेमागे ओटिलीने मान खाली घातली. आणि खिडकीपाशी पत्ते खेळणाऱ्या नेमेत्सबाबांनी हातातली पानं उलटी ठेवली. मला इतका आनंद झाला की श्ट्रूडलचा उरलेला तुकडा चवीचवीने खाऊन मगच उठले.

म्हातारबुवा टोपी न घालताच माझ्यामागे ट्रामच्या थांब्यापर्यंत आले. धापा टाकत म्हणाले, "मालकाला टिप देत नाहीत, पोरी, कारण ती वेटरच्या तोंडची असते. हा आमच्या टिपा खिशात घालतो, अशी वेटरांची कुरकुर कानावर यायची, मी कानाडोळा करायचो. आज डोळ्यांनी पाहिलं. आणि ईस्टरला याच्या हाती किल्ल्या देणार होतो मी!" मग म्हणाले, "तू घेतेस का कॉफीहाऊस चालवायला? निघतानाच ओटिलीला विचारलंय. ती म्हणाली, द्या बाबा."

मी फक्त तुझं नाक कापायला आले होते रे. बाकीचं तूच माझ्या पदरात टाकलंस.

काल करारावर सह्या झाल्या. तुला सांगायचं नेमेत्सबाबांच्या जिवावर आलं, ओटिली तर तुझ्याशी बोलतच नाही, म्हणून हे पत्र मी आनंदाने अंगावर घेतलं. सोमवारपासून बिलाचे पैसे द्रागान घेईल. तुला आतली, स्वयंपाकघराच्या दारापाशची टेबलं. काळा कोट घरी ठेव, वेटरचं जाकीट तुझ्या मापाचं काढून ठेवलंय. गिऱ्हाइकांनी टिप दिली तर खुशाल घे, आता ती तुझी हक्काची आहे. माझ्यापुढे मात्र कुणी केली, तर मी नुसती मान हलवीन. कुरकुर करू नकोस. तू समजूतदार आहेस.

तुझीच मालकीण,
हेर्मिने