लाहू ताडी प्यायला नव्हता

मी, दौलत गोविंद चुरी, वय त्र्याहत्तर, धंदा चिकूची बागायत, राहणार बोर्डी, तालुका डहाणू, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. हात थरथरतो, पण डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. अक्षर मुंगीएवढं झालंय, म्हणून सूनबाई मयूरीने टाइप केलं.

घर आणि बाग मुलगा जतीन याला. पत्नी बकुळा आहे तोवर घरात सत्ता तिचीच. शेजारच्या बाळ्याने बांध दोन हात सरकवला, त्याला माफी नाही. पण कोर्टात जाऊ नये, जन्म त्यातच जातो.

विहिरीकडची दहा झाडं वेवजी गावच्या शुक्रीला. तिचा नवरा लाहू एकवीस वर्षं आमच्याकडे चिकू उतरवायचा. काय दिवस होते ते! दुपारी विहिरीपाशी आम्ही दोघं सुकट-भाकरी खायचो. मग त्याचा हात कापू लागला, फळं पडून फुटू लागली. वखारीसमोर, सगळ्या मजुरांदेखत मी ओरडलो, "सकाळी सकाळी ताडी ढोसून येतोस? चालता हो!"

"शेठ, थेंबय नाय घेतला. मला तर पिकल्या चिकूचा पन वास नाय येत."

मी हसलो. तो दारुडा म्हणूनच मेला.

सात वर्षांपूर्वी मलाही चिकूचा वास येईना. मग उजवा हात कापू लागला. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. मेंदूतलं अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन वाकडंतिकडं दुमडतं, एकमेकाला चिकटून पेशींत त्याचे गोळे होतात. कच्च्या चिकूचा चीक बोटांवर धरतो तसे, असं मी समजलो. हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरत जातात. पुष्कळांना वास येणं त्याआधीच बंद होतं. प्रथिनाच्या या गोळ्यांमुळेच पेशी मरतात का, हे अजून पुरतं उकललेलं नाही. म्हणून माझा मेंदू संशोधनाला द्यावा. जतीन, "देह अख्खाच जाळायचा" म्हणून अडून बसू नकोस रे बाबा.

शेवटची अट. त्याच वखारीसमोर मजूर जमवून, शुक्रीला खुर्ची देऊन, जतीनने मोठ्याने वाचावं: "लाहू ताडी प्यायला नव्हता. दौलतशेठ चुकले."

काल वेवजीला गेलो होतो. शुक्रीने पाणी दिलं, पेला हिंदकळला. तिने माझा हात धरला. "लाहूचा पन असाच व्हायचा," म्हणाली. मला लाज वाटली, माफी न मागताच परतलो.

येत्या रविवारी वखारीवर मजूर असतील. आवाज बसलाय, पण तेवढी दोन वाक्यं मीच बोलणार आहे. बोललो, तर शेवटची अट रद्द समजावी.

दौलत गोविंद चुरी (सही हलली आहे, माझीच आहे)
साक्षीदार: १. प्रितेश राऊत २. संगीता सावे
बोर्डी, ११ फेब्रुवारी २०२५