मध्यबिंदूवरची बस

४ सप्टेंबर
लेकीचा, इलाचा पुण्याहून फोन. पुणे ते वर्धा रेल्वेत झोपून येता येतं. वर्धा ते पवनार या आठ किलोमीटरला मागच्या खेपेस दोन तास लागले. नात ईरा तिच्या खांद्यावर झोपलेली, दोन बॅगा. या सुट्टीत तीच तऱ्हा असेल तर सरळ सासरी हिंगणघाटला जाईन म्हणते. तिचे सासरे पुंडलिकराव स्टेशनवर कार घेऊन उभे असतात. असोत. मी व्यवस्था उभी करणार.

९ सप्टेंबर
प्रवासी जोडणी समिती स्थापन. समन्वयक मी. दुसरं नाव कोणी सुचवलं नाही, यातच सगळं आलं. एका दानशूर गृहस्थाने स्टेशन ते पवनार फेरीसाठी मिनीबस दिली.
सौ. म्हणते, एवढ्या मीटिंगा घेन्यापक्षा तुम्हीच स्टेशनवर काऊन नाई जात तिले घ्यायले? व्यक्तिगत सोय आणि धोरण यांतला फरक समजावला. ती पोहे भिजवायला उठून गेली.

१७ सप्टेंबर, सायं. ७
समितीची बैठक. सदस्य अण्णाजींचा मुलगा मुंबईहून वर्धा स्टेशनला उतरतो, म्हणून बस तिथे हवी. दुसऱ्या सदस्य सुमित्राबाईंची बहीण चेन्नईहून सेवाग्राम स्टेशनला उतरते, म्हणून बस तिथे हवी. तीन तास चर्चा. समोसे संपले. निर्णय नाही.

२४ सप्टेंबर
आंघोळ करताना तोडगा सुचला. बस दोन्ही स्टेशनांच्या बरोबर मध्ये उभी करायची. कोणावरच अन्याय नाही. एकमताने मंजूर, टाळ्या. मोबाइलवर मध्यबिंदू मोजला. एका पानठेल्यासमोर येतो.
गावातला ऑटोवाला लहानू विचारतो, काका, पन तिथं कोन्ती गाडी थांबते? धंदा बुडणार, म्हणून बोलतो. दुर्लक्ष.

११ ऑक्टोबर, स. ८
शुभारंभ. पहिल्या सीटवर मी, हातात हिरवी झेंडी. इलाला मेसेज केला: स्टेशनबाहेर पड, सरळ चालत ये, पानठेला दिसेल. उत्तर नाही. रेंज नसेल.

स. ९.१०
प्रवासी नाहीत. जनजागृती कमी पडली.

स. ९.२५
लहानूचा ऑटो समोरून गेला. आतून ईराने हात हलवला. मी झेंडी हलवली. समन्वयकानेच बस सोडून जाणं बरं दिसलं नसतं.

स. ९.४५
बस वेळेवर सुटली. प्रवासी एक.

स. १०.३०
घरी पोचलो तेव्हा इलाचे पोहे खाऊन झाले होते. लहानूला सौ.नेच पाठवलं होतं, समितीला न विचारता.

१२ ऑक्टोबर
इलाला पहिल्या फेरीचा अहवाल वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, मले बस नव्हती पाह्यजे बाबा, तुम्ही प्लॅटफॉर्मवर दिसाले पाह्यजे होते.
कार्यवृत्तात घेण्यासारखा मुद्दा नव्हता. फार वाईट वाटलं.

१४ ऑक्टोबर
पुंडलिकराव कार घेऊन आले. इला, ईरा हिंगणघाटला. घर रिकामं वाटतं.

१८ ऑक्टोबर
उद्या इलाची परतीची गाडी. ती हिंगणघाटहून थेट वर्धा स्टेशनला येणार. मी प्लॅटफॉर्मवर हजर राहणार, काही झालं तरी. पण आपली बस मध्यबिंदूपर्यंतच जाते. सौ.कडून लहानूचा नंबर घेतला. मोबाइलमध्ये 'समिती' या नावाने सेव्ह केला.