सगळ्यांत वरचं नाव

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
१८ ऑगस्ट

प्रिय राजीव,

बरा असशील. तिकडे बेलव्ह्यूला यंदा छान ऊन आहे म्हणे, तुझ्या बहिणीने सांगितलं. माझे फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून कागद काढला. तीन आठवड्यांचं प्रोजेक्ट म्हणून गेलास तो तिकडचाच झालास. असो. भांडायला लिहीत नाहीये. थोडं भांडेनही.

कारली भरपूर लागली आहेत, खाणारं कोणी नाही. लॉनवाल्याला कॅन्सल केलं, गवत मीच कापते. संध्याकाळी गॅरेजमध्ये अजून बेसबॉलच्या बुटांचे स्पाइक्स वाजतात, यशोधन आला की वाजायचे तसे. मी गॅस बारीक करून ऐकत राहते. मग दार उघडून बघतेसुद्धा. वेडी म्हण हवं तर. पण तूही त्याच आवाजाला घाबरून पळालास, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

तू लीगची वेबसाइट रोज बघतोस ना? मीही बघते. जूनमध्ये गाडी उलटून आपला यशोधन गेला, तरी बेस चोरणाऱ्यांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव अजून सगळ्यांत वर होतं. याचं तुला नवल नाही वाटलं? दुसरं नाव रॅमिरोचं, यशोधनच्या टीममधल्या रूममेटचं. आपल्याकडे येऊन वरणभात ओरपायचा तो.

तेराव्याला त्याने तुला विचारलं होतं, तुमच्यात काय पाळतात. तू म्हणालास, "वर्षभर आम्ही आनंदाचं काही करत नाही." झालं. पोराने ते पाळलं; त्याचा आनंद म्हणजे बेस चोरणं. पहिल्या बेसवर पोचायचा आणि तिथेच खिळल्यासारखा उभा. पिचरचं लक्ष नसलं तरी दुसऱ्या बेसकडे पळायचा नाही. कोच शिव्या घालायचा, लोक हुर्यो करायचे, हा आपला मान खाली घालून उभा.

मला हे जुलैतच कळलं होतं. जेवता जेवता त्यानेच सांगितलं. मी त्याला आणखी भात वाढला आणि गप्प बसले. मला बरं वाटत होतं, राजीव. त्याच्या पोटावर पाय येत होता आणि मला बरं वाटत होतं, कारण यशोधन वर राहत होता.

मागच्या आठवड्यात कोचने त्याला बजावलं, पळणार नसशील तर बॅग भर. म्हणजे परत डॉमिनिकन रिपब्लिकला, आणि तिथे सगळं घर याच्या पगारावर. मग मला राहवेना. म्हटलं, अरे, ते सणावारांचं असतं, कामाचं नाही. ऐकेचना. "राजीव अंकल सांगतील तरच." म्हणून मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, अंकलचा फोन आला होता, पळ म्हणाले.

काल मी मॅचला गेले. तो दोनदा पळाला आणि आपल्या मुलाच्या पुढे गेला. दुसऱ्यांदा धुळीतून उठला तेव्हा मी "यशोधन" म्हणून ओरडले. आजूबाजूचे बघायला लागले. रॅमिरोनेही वळून पाहिलं, आणि हात वर केला. घरी येईपर्यंत मी रडत होते.

आज यादी बदलली आहे. तू पाहिलीच असशील.

तो तुला थँक्यू म्हणायला फोन करणार आहे. त्याचा तरी उचल. 'मी असं म्हणालोच नव्हतो' एवढं मात्र बोलू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण इथे येऊन रागव.

यशोधनची आई आणि तुझी बायको,
पद्मिनी