किल्लीची दोरी कापली आहे

कस्तुरी,

पोलिसांनी एकाला धरलं आहे. जिन्यात मला ढकलून पळाला तो हाच का, ते ओळखायला ठाण्यात जातो. तोच निघाला तर तिथेच त्याचा गळा आवळीन. मग घरी कधी येईन ते सांगता येत नाही.

खालच्या दाराशी बोलायचा फोन बंद पडला तर गच्चीवर बघ. माकडं तार ओढतात. टोकं पिळून वर पट्टी लाव. आईला भोसकलं तेव्हाही तार सुटलेलीच होती. मी रविवारी जोडणार होतो.

खिडकीतून किल्ली सोडायची दोरी कापली आहे. खालून कोणी मराठीत "काकू" म्हणून हाक मारली तरी उघडू नकोस. मंगला गौरीसारख्या हिंदी बोलणाऱ्या मोहल्ल्यात मराठी बोलणारा आपलाच, असं समजून आईने त्याच हाकेला किल्ली सोडली.

बाबा