व्याह्यांबरोबर टेके-चोकू

काराकोल, जुलै

आदरणीय असानकुलदाजींना धाकट्या मेहुण्याचा, इशेनालीचा, सलाम.

तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचा खोकला थांबला का? इकडे माणसं, मेंढरं, सगळे मजेत. मी तर फारच मजेत, कारण गेल्या शनिवारी मी टेके-चोकूच्या माथ्यावर जाऊन आलो. पायी. (घोडे होते, पण ते खिंडीत ठेवावे लागतात.)

झालं असं, की तुम्हीच जुळवलेल्या सोयरिकीतले आमचे व्याही जुमाकादिर पहिल्यांदाच जेवायला आले होते. अंगणातून शिखर दिसतं, म्हणून आपलं काहीतरी बोलायचं तर मी म्हणालो, एकदा वर जायला हवं. ते म्हणाले, मग उद्याच जाऊ. आमच्या लेकीला, आयजार्किनला, सासरी जाऊन अजून चाळीस दिवस झाले नाहीत, अशात व्याह्यांचा शब्द मोडायचा कसा? निघालो. चढ असा, की उभ्या माणसाची दाढी गवताला लागते. मी मात्र निवांत होतो. व्याही दर वीस पावलांवर बुटाची नाडी बांधत, आणि तेवढ्यात मी त्यांच्या बुटांचं कौतुक करून घेई (बसून). वाट अरुंद झाली की ‘आधी तुम्ही’, ‘छे, आधी तुम्ही’ यात पाव तास जाई, आणि खरं सांगतो, तोच दिवसातला सुखाचा वेळ. बाकी वेळ मी गालात कुरुतचा, त्या सुकवलेल्या खारट दह्याचा, गोळा धरून होतो. बोलावं लागत नाही आणि धापही झाकली जाते. वाटेत एका मेंढपाळाच्या बायकोने तंबूतून हटकलं, "घोडे मेले का तुमचे, या वयात पायी निघालात ते?"

"व्याही, दमलात का?" मी विचारलं.

"मी? आत्ता कुठे अंग गरम होतंय. तुम्ही?"

मग मलाही गरम व्हावं लागलं. शेवटचा टप्पा मी हात टेकत गेलो, दगड जवळून पाहता यावेत म्हणून. माथ्यावर व्याही डोळे घट्ट मिटून म्हणाले, "काय देखावा आहे." मी कल्पाक टोपी नाकापर्यंत ओढून दुजोरा दिला. खाली आल्यावर रीत म्हणून मी म्हणालो, फारच लवकर संपलं. ते म्हणाले, मग येत्या शनिवारी पुन्हा. साठीनंतर टेके-चोकू चढणारा आपल्या घराण्यात मी एकटाच, हे ताईला जरूर सांगा.

तुमचा,
इशेनाली

ता. क. दाजी, मी चार दिवस ओट्यावरून उलटा उतरतोय. पण मी नाही म्हणालो आणि व्याह्यांचं मन दुखावलं, तर ते पोरीला जड जाईल. तुम्ही आम्हा दोघांहून वडील, तुमचा हुकूम कोणी मोडणार नाही. शनिवारच्या आत दोन ओळी खरडा, की या वयात हे शोभत नाही. झापताना त्यांचं नाव आधी घाला.

आणखी एक, पाकीट पुन्हा उघडून लिहितोय. बिश्केकच्या मिनीबसवाल्याकडे हे पाकीट द्यायला गेलो, तर त्याच्याकडे तुमच्या नावाचं दुसरं पाकीट होतं. अक्षर व्याह्यांचं, आणि वर ‘शनिवारच्या आत’ असं दोनदा लिहिलेलं. कृपा करून माझं आधी उघडा.