पूर्वेच्या तटाचा दगड

४ ऑक्टोबर, जपान
ऑफिसची कॉन्फरन्स आटपली आणि मी तडक गड गाठला. सवय, दुसरं काय. तासभर चढून वर पोचलो तर ना महाल, ना दरवाजा. झाडीत नुसते दगडी तट. तरी जीव हरखला. गाइड आजींनी सांगितलं, की पूर्वेचा तट तीनदा ढासळला, म्हणून चौथ्यांदा एका लहान मुलीला त्यात उभं चिणलं, तेव्हा तो टिकला. इथलं काही नेऊ नका, असंही म्हणाल्या. मी मान डोलावली आणि त्यांची पाठ वळताच तटातून निखळलेला मुठीएवढा दगड सॅकमध्ये टाकला. राजगड, तोरणा, सगळीकडून आणलाय. दिवाळीच्या किल्ल्यात खऱ्या गडाचा दगड हवाच.

९ ऑक्टोबर, ल्यूकन
नवं घर मस्त आहे. निम्मी खोकी उघडायची राहिलीत, पण मागच्या अंगणात श्रावणीचा पहिला किल्ला सुरू झाला. सात वर्षांची आहे. मी मराठीत समजावतो, ती इथल्या आयरिश पोरांसारखं "ग्रँड, बाबा" म्हणून चिखल कालवते. उल्का म्हणाली, लोक जपानहून बायकोला काहीतरी आणतात, आमच्याकडे धोंडे येतात. दगड मुख्य बुरुजात बसवला.

१२ ऑक्टोबर
बुरूज दोनदा ढासळला. पावसाने म्हणावं, तर बाकी किल्ला शाबूत. आज दुपारी तिसऱ्यांदा. आजींची गोष्ट मी घरात सांगितलेली नाही. श्रावणीने हट्टाने तो पुन्हा बांधला, एकटीने.

१५ ऑक्टोबर
आता पक्का उभा आहे. वादळात शेजाऱ्यांचं कुंपण पडलं, बुरुजाचं ढेकूळही हललं नाही. श्रावणी शाळेत गेली नाही. गुडघ्यापर्यंत पाय गार, हलवता येत नाहीत. डॉक्टरांना व्हायरल वाटतंय.

१७ ऑक्टोबर
कमरेपर्यंत. हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, घरी पाठवलं. मी बुरूज फोडायला गेलो. पहिल्याच घावाला ती घरात पलंगावर किंचाळली. बरगडीवर काळानिळा वळ. उल्काला सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतही नाही. चोरी मी केली आणि शिक्षा पोरीला.

१८ ऑक्टोबर
गडाच्या वेबसाइटवरून गाइड आजींना मेल केला. दगड परत आणतो, तिच्याऐवजी मला घ्या. उत्तर आलं, एकदा तट उभा राहिला की आतलं माणूस बदलता येत नाही. माफी मागितली होती त्यांनी. चोरी माझी, मग माफी त्यांनी का—

१९ ऑक्टोबर
गळ्यापर्यंत. मराठीत बोलायला लागलीय, कधी बोलत नव्हती. म्हणते, बाबा, इथे अंधार आहे— तिच्या तोंडावर ऊन पडलंय—

२० ऑक्टोबर, सकाळ
पलंगावर ती आहे. डोळे उघडे. आवाज मात्र अंगणातून— बाबा, बाबा—
उल्का नखांनी माती उकरतेय. प्रत्येक ढेकळाला आतून किंकाळी. थांब म्हणालो. उल्का थांबली की श्रावणी परत हाका मारते—
आवाज खोल चाललाय.
उल्काने फावडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, तू आणलंस, आता तूच खणून काढ तिला—