ओळखीच्या यादीतली नोंद

प्रिय लिआंग-यू,

‘प्रिय’ सवयीने पडलं. राहू दे, तुझ्यासाठी नवा कागद घ्यायची माझी इच्छा नाही.

तू बढती घेऊन तैपेईला गेलास, त्यानंतर इथे ताइचुंगच्या आपल्या संगणक-तपासणी प्रयोगशाळेत सू-यिन नावाची बाई आली. दातांच्या दवाखान्यात काम करते. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पण ती जाईल तिथे तो आधीच हजर. त्याने आपल्या लॅपटॉपमध्ये काहीतरी घातलंय, असं तिचं म्हणणं. मी नेहमीसारखंच केलं. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिचा ठसा, काढून ओळखीच्या प्रोग्रॅमांच्या यादीशी ताडला. जुळल्या त्या लाखभर फाइली बाजूला ठेवून उरलेल्याच तपासल्या. ‘संशयास्पद काही नाही’ असा अहवाल दिला, खाली माझी सही. न्यायालयात नवऱ्याचा वकील म्हणाला, "बाईंना भास होतात." मुलगी नवऱ्याकडे गेली.

गेल्या महिन्यात ती लॅपटॉप घेऊन परत आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मला भास होतात ना? मग मी आईला लिहिलेलं पत्र त्याला तोंडपाठ कसं?"

या खेपेला मी यादी न लावता तपासलं. चौथ्या दिवशी सापडली ती फाइल. टाइप केलेलं अक्षर न् अक्षर बाहेर पाठवणारी. आपल्या यादीत तिच्यापुढे ‘ओळखीची, निर्धोक’. नोंद करणारा तू.

वाटलं, त्या नवऱ्याने तुझे हात ओले केले. पण नोंद सू-यिन येण्याच्या आठ महिने आधीची. तो प्रोग्रॅम कुणीही विकत घेऊ शकतो. त्या माणसाला तू ओळखतही नव्हतास. मग ही नोंद कुणासाठी?

तारीख पुन्हा वाचली. तेव्हा आपण एकत्र राहत होतो. माझा लॅपटॉप रखडायचा, म्हणून नोंदीच्या त्याच दिवशी मी तो तपासायला प्रयोगशाळेत आणला होता. तू सोयादुधाचा पेला घेऊन शेजारी उभा होतास. "बघ, सगळं ओळखीचंच निघालं. संशयी आहेस नुसती!" मी तुझी माफी मागितली होती, नालायका.

तो लॅपटॉप काल माळ्यावरून काढला. त्यातही तोच ठसा. आज दोन्ही लॅपटॉप सरकारी वकिलांकडे दिले आणि माझा पहिला अहवाल चुकीचा होता, हेही लिहून दिलं. माझी नोकरी बहुतेक जाईल. सू-यिनची मुलगी परत येईलच असं नाही. तुला मात्र पुढच्या आठवड्यात बोलावणं येईल. ते माझ्याकडून आधी कळावं, म्हणून हा कागद. इतके दिवस माझं सगळं तू न विचारता वाचलंस. हे एवढं मी होऊन तुला वाचायला देतेय.

आता तुझी कुणीच नसलेली,
युए-त्सेन